केसभर लहान

मंगळवारच्या बाजारात, बैलांच्या घुंगरांशेजारी
मी पोतं अंथरतो. त्यावर तागडी,
लोहचुंबक, डोळ्याला लावायचं भिंग
आणि बापाच्या वेळचा एक खराखुरा राणीछाप.
तो मी विकत नाही. तो फक्त बोलतो: टिण्ण.
बाकीच्यांनी त्याच्यासारखं बोलून दाखवायचं.

लोक येतात. नांगराला लागलं म्हणतात,
पाया खणताना निघालं म्हणतात.
एका अंगाला मारुती, दुसऱ्या अंगाला कंपनीचं नाव,
साल अठराशे अठरा. असले आठवड्याला दोन तरी.
मी चुंबक धरतो. मारुती उडी मारून चिकटतो.
"लोखंडाचा हाये, दादा. हा काही डोंगर उचलत नाही."

परवा एक मास्तर आजोबांचं पदक घेऊन आला,
बसऱ्याच्या लढाईचं. रिबीन नवी होती, तेवढं चालतं.
मी काठ फिरवला. पुन्हा फिरवला.
खऱ्या पदकाच्या काठावर शिपायाचं नाव ठोकलेलं असतं,
नंबर असतो, पलटण असते.
ह्याचा काठ रिकामा, कानशीनं घासलेला, मधोमध शिवण.
म्हटलं, आजोबा खरेच असतील, गुरुजी.
हे त्यांचं नाही.
तो बराच वेळ त्या रिकाम्या काठाकडेच बघत राहिला.

आम्हा ओताऱ्यांपासून शिवण लपत नाही.
मातीची दोन पाळी, मधे धातू,
जोडाची रेघ राहतेच. कितीही घासा, अंगठ्याला कळते.
ठोकलेल्या नाण्यावर अक्षर धार धरून उभं असतं,
ओतलेल्यावर वापरलेल्या साबणावरच्यासारखं,
आणि राणीच्या गालावर बारीक खड्डे,
देवी येऊन गेल्यासारखे.

मग सोनकीबाई आली, धानोऱ्याच्या तांड्यावरची.
अकरा रुपयांची माळ तिनं पोत्यावर सांडली.
"इकाची नाही. सांग फक्त."
पहिला वाजवला: टप्प.
दुसरा: टप्प.
एकेक तोळा भरायला हवा, तर दहा-दहा गुंजा कमी.
भिंगातून पाहिलं. राणीच्या अंबाड्याखाली
मानेवर एक खरवड, तिरपी.
दुसऱ्यावर तीच. सातव्यावर तीच. अकराव्यावरही.
अकरा माणसांना एकाच जागी जखम होत नसते.

सांगायला तोंड उघडलं
आणि का कोण जाणे, आधी माझाच राणीछाप उचलून बघितला.
अंबाड्याखाली, मानेवर, तिरपी.

"तुह्या बापानंच वतले," ती म्हणाली.
"बहात्तरचा दुष्काळ. मह्या याडीनं अकरा मोडले,
जवारी आनली. बारावा दौलत ओताऱ्यानं
मजुरीत ठेवला, साच्याले.
मंग बारा करून देल्ले. लग्नात लोकं मोजतात ना."

म्हणजे हा जो इतकी वर्षं माझ्या पोत्यावर बसून
बाजारातल्या खोट्यांना खोटं म्हणत आला
त्याची लेकरं इथेच होती, चार कोसांवर,
एका बाईच्या गळ्यात.

मी तो तिच्यापुढे सरकवला.
तिनं एका बोटानं परत ढकलला.
"एक कापूस येचताना पडला. नातीचं लगन हाये चैतात.
बारावा करून दे."
"ह्या खऱ्यावरून करू?"
"नाही. या अकरातल्या एकावरून.
त्याइच्या सोबतचा दिसला पाह्यजे."

रात्री मूस तापवली.
साच्यातून निघालेलं पुन्हा साच्यात घातलं
की निवताना आकसतं. केसभर लहान होतं.
बापानं हे शिकवलं होतं,
ते कशावरून शिकला ते सांगितलं नव्हतं.
लग्नाला कोणी तागडी घेऊन येत नाही.
खरवड नीट उमटली.
काठ घासला. शिवण मात्र ठेवली,
अंगठ्यापुरती.